वितंचक, विकर आणि सेकंद हरवलेला स्थिरांक

विकर म्हणजे एन्झाइम, सजीवांतल्या रासायनिक क्रियांना वेग देणारा पदार्थ. त्यावर प्रश्न असा आला आहे: ‘मिखाएलिस स्थिरांक हा विकराचा वेग-स्थिरांक, असं लिहिलं तर चालेल का? आणि अनेकवचन स्थिरांक की स्थिरांके?’

नाही चालणार. ‘स्थिरांक’ दिसला की त्याला ‘वेग’ चिकटवायची खोड आता पाठ्यपुस्तकांतही शिरली आहे. वेग-स्थिरांकाच्या एककात काळ असावाच लागतो. मिखाएलिस आणि मेंटन यांच्या १९१३च्या समीकरणातला हा आकडा म्हणजे निव्वळ संहती, द्रावणातलं प्रमाण: सबस्ट्रेट (विकराची क्रिया ज्यावर होते तो पदार्थ) एवढं असलं की क्रियेचा वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो. ब्रिग्ज आणि हॉल्डेन यांनी १९२५मध्ये तो वेग-स्थिरांकांचा भागाकार म्हणून मांडला. त्या भागाकारात सेकंदाला सेकंद छाटला जातो. मग वेग राहिला कुठे?

पण तुम्ही ‘विकर’ का लिहिलंत? वि + कृ, बदल घडवणारा, हे व्याकरणाला धरून आहे, कबूल. मराठी कानाला मात्र त्यात आधी ‘विकार’ ऐकू येतो. त्यापेक्षा ‘वितंचक’ पाहा! धातू तञ्च्, धातुपाठातला अर्थ ‘संकोचने’, म्हणजे आवळणे, घट्ट करणे. दूध विरजायला त्यात जे घालायचं, त्याला संस्कृतात ‘आतञ्चन’ म्हणत. याच धातूपासून तक्र, आणि तक्रापासून ताक. म्हणजे वितंचक हा ताकाचा सख्खा चुलतभाऊ निघाला. तिकडे ग्रीकमध्ये ‘एन’ म्हणजे आत आणि ‘झाइम’ म्हणजे आंबवण. क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने त्यावरून ‘एन्झाइम’ घडवला. दोन भाषा विरजणाच्याच भांड्यात हात घालतात, आणि आमचे परिभाषाकार म्हणे ‘वितंचक बोजड, विकर सुटसुटीत’. तीन अक्षरं आणि चार अक्षरं, एवढाच तो बोजा!

‘आ’ जाऊन ‘वि’ का आला, यावर माझा तर्क असा: आतञ्चन गोठवतं, पण पाचक वितंचकं तर रेणू तोडतात, शब्द घडवणाऱ्याला ‘वि’मधला विलगपणा हवा असावा. यावर ‘वि म्हणजे विशेष’ असं ठोकून देणाऱ्यांनी ‘वियोग’ आणि ‘विभाग’ यांतलं विशेष काय ते आधी सांगावं.

हां, अनेकवचन. अंक पुल्लिंगी, म्हणून स्थिरांकही पुल्लिंगी: तो स्थिरांक, ते स्थिरांक. ‘स्थिरांके’ चूक.