देव राखणारा आहे यावर विश्वास असूनही भीती जात नाही, काय करावं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय 24, घर ख्रिस्ती. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की आईवडिलांना काही होईल, नोकरी जाईल या विचारांनी छाती धडधडते. देव आपल्याला राखतो हे तुम्ही मानता, तरी भीती हटत नाही. आणि शेवटी विचारलंय, 'माझा विश्वास कमी पडतोय का?' या शेवटच्या ओळीसाठी मी लिहायला बसले. हेच वाक्य मला घरातल्याच माणसाने सगळ्यांदेखत ऐकवलं होतं आणि ते अजून सलतं.

नाही, कमी पडत नाही. ज्याने कुणी तुमच्या मनात हे भरवलं असेल तो चुकतोय, मग तो तुमचा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू असो, की सख्खा भाऊ.

मी नर्स आहे. आईसुद्धा नर्सच, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेली. आमच्याकडे रात्रीची कौटुंबिक प्रार्थना झाल्याशिवाय ताटं मांडली जात नसत आणि बायबलमधलं तेविसावं स्तोत्र मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून पाठ. विश्वासात मी नवखी नव्हते, एवढंच सांगायचं आहे.

22 एप्रिल 2021 ची रात्र. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, लहानशा खाजगी कोविड हॉस्पिटलात माझी नाईट होती. आदल्याच दिवशी नाशिकला महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून 20 हून जास्त रुग्ण दगावले होते. ती बातमी आमच्या प्रत्येक पेशंटच्या नातेवाइकाच्या मोबाइलवर होती. आमच्याकडे टाकी नव्हती, जंबो सिलिंडर होते. सव्वाअकराला वॉर्डबॉय धावत आला. भरलेले नऊ उरलेत, आणि चाकणहून येणारी गाडी अजून प्लांटबाहेरच्या रांगेतच आहे.

एका जंबोत साधारण 7000 लिटर असतो. ऑक्सिजनवर 26 जण. कुणी 4 लिटरवर, कुणी 15 वर. सरासरी 8 धरली तर मिनिटाला 208 लिटर, म्हणजे एक सिलिंडर जेमतेम 33-34 मिनिटं. नऊ सिलिंडर म्हणजे पाच तास. पहाटे सव्वाचार. मी हा हिशेब सलाइनच्या रिकाम्या खोक्यावर मांडला आणि माझे हात थरथरायला लागले. पीपीई किटच्या आत पाठीवरून घामाच्या धारा, तोंडाला कोरड. जिना उतरावा, स्कूटी काढावी आणि घरी निघून जावं असं वाटलं. माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. मला काही झालं तर तिचं काय, हेही त्याच वेळी डोक्यात आलं.

सिलिंडरच्या खोलीत उभं राहून मी 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही' एवढं म्हटलं आणि अडकले. पुढची ओळच आठवेना. समोर नऊ सिलिंडर दिसत असताना 'उणे पडणार नाही' म्हणायला जीभ वळत नव्हती. आठवलं ते एकदम दरीतलं: 'मृत्युछायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी कसल्याही अरिष्टाला भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस.' इतकी वर्षं म्हटलेलं स्तोत्र, पण एक गोष्ट मला त्या रात्री पहिल्यांदा दिसली. हिरवी कुरणं आणि संथ पाणी चालू असेपर्यंत दावीद देवाला 'तो' म्हणतो. तो मला बसवतो, तो मला नेतो. दरी आली की 'तू' म्हणायला लागतो. सुखात ज्याच्याबद्दल बोलत होता, त्याच्याशीच बोलायला लागतो.

भीती गेली नाही. पहाटेपर्यंत गेली नाही. पण तिथून मी हललेच नाही, कारण माझ्या शेजारी कुणीतरी उभं आहे हे मला खोलीतल्या दिव्याइतकं स्पष्ट जाणवत होतं. यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही.

मग आम्ही कामाला लागलो. डॉक्टरांना विचारून ज्यांचं सॅच्युरेशन 96-97 दाखवत होतं त्यांचा फ्लो हळूहळू उतरवून त्यांना 92-93 वर आणलं. झेपेल त्या प्रत्येकाला पालथं झोपवलं. त्याने फुप्फुसाच्या पाठीमागच्या भागात हवा खेळते आणि कमी ऑक्सिजनवर भागतं. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटल्यांची झाकणं आवळली, दोन ठिकाणी सूं असा आवाज येत होता. बाथरूमला गेलेल्यांचे मास्क उशीवर तसेच वाहत पडतात, ते बंद केले. हे सगळं थरथरत्या हातांनी झालं. फ्लोमीटर फिरवायला हात स्थिर असावा लागत नाही.

चौदा नंबरच्या कॉटवर 41 वर्षांचे एक गृहस्थ होते. सायकल दुरुस्तीचं दुकान, दोन मुलं. ते संध्याकाळपासूनच 15 लिटरवरही 80 च्या खाली चालले होते. मोठ्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटरसाठी सहा ठिकाणी फोन झाले होते, बेड कुठेच नव्हता. त्यांचा फ्लो मी शेवटपर्यंत कमी केला नाही. दीडच्या सुमारास त्यांनी विचारलं, "सिस्टर, तोंडातल्या तोंडात काय म्हणताय?" मी म्हटलं, प्रार्थना. ते म्हणाले, "मोठ्यानं म्हणा." ते ख्रिस्ती नव्हते. मी आठवत होतं तेवढं म्हटलं, दरीचीच ओळ, पुन्हा पुन्हा. माझ्या ग्लोव्ह घातलेल्या हाताचं एक बोट त्यांनी मुठीत धरून ठेवलं होतं, लहान मूल धरतं तसं. दोन चाळीसला ते गेले.

गाडी तीन पन्नासला आली. सिलिंडर तेव्हा दोन शिल्लक होते. बाकीचे पंचवीस जण सकाळी जिवंत होते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

त्या वेळी चर्च बंद होती, प्रार्थना सभा ऑनलाइन चालायच्या. आमची सभा माझे मोठे दीर चालवायचे, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. जूनमध्ये त्यांनी मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सभेत सांगायला सांगितलं आणि आधी फोन करून बजावलं, "गाडीचं सांग. प्रार्थना केली, गाडी आली, पंचवीस वाचले. चौदा नंबरचं काढू नकोस, लोकांचा विश्वास डळमळतो." मी सगळं सांगितलं. चौदा नंबरचंही आणि माझ्या थरथरत्या हातांचंही. त्यावर भाऊ साठ-सत्तर जणांसमोर म्हणाले, "आपल्या बहिणीला भीती वाटली हे तिने प्रामाणिकपणे कबूल केलं. भीती म्हणजे विश्वासाची उणीव. प्रार्थना अर्धीच ऐकली गेली ती का, याचा तिने विचार करावा."

म्हणजे तो माणूस माझ्या भीतीमुळे गेला. असंच म्हटलं त्यांनी. मी कॅमेरा बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. त्यानंतर या विषयावर आम्ही एकदाही बोललो नाही. नाताळला फराळाची ताटं इकडून तिकडे जातात, बोलणं तेवढंच.

तेव्हा मला जे सुचलं नाही ते आता लिहिते.

क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू काय करत होता? हा प्याला माझ्यापासून टळून जावा, अशी विनवणी करत होता. शुभवर्तमानात लूक लिहितो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. त्याच्या विश्वासात उणीव होती असं म्हणायची भाऊंची तयारी आहे का? पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा 1921 मध्ये त्यांच्या हयातीतच गेली. रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही, आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये जाऊन सांगावं कुणीतरी की रमाबाईंची प्रार्थना अर्धीच ऐकली गेली. बायबलमधले शद्रख, मेशख आणि अबेद्नगो हे तिघे, राजाच्या मूर्तीपुढे वाकले नाहीत म्हणून जळत्या भट्टीत टाकले जाणार असताना, भट्टीसमोर राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे. आणि लगेच पुढे म्हणतात, नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. संडे स्कूलमध्ये आपण ही गोष्ट पाठ करून घेतो आणि 'नाही सोडवलं तरी' हे शब्द गाळतो. माझ्या साक्षीतला चौदा नंबर भाऊंना असाच गाळायचा होता.

एक्याण्णवावं स्तोत्र त्या काळात घराघरांच्या दारांवर चिकटवलेलं होतं. काळोखात फिरणारी मरी तुझ्याजवळ येणार नाही, असं त्यात आहे. मलाही ते प्रिय आहे. पण सैतानाने येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करून हेच स्तोत्र ऐकवलं होतं, मार उडी, देवदूत झेलतील म्हणून, आणि येशूने उडी मारली नाही, हेही मत्तयाच्या शुभवर्तमानात लिहिलेलं आहे. देव राखतो याचा अर्थ काही होणारच नाही असा लेखी करार नव्हे. भीतीत, आजारात, मरणातही तो हात सोडत नाही, त्याला मी राखणं म्हणते. 'भिणार नाही' हे दावीद दरीत उभा राहून म्हणतो. जिथे भिण्यासारखं काही नाही तिथे कुणी असं म्हणायला जात नाही.

तर तुम्ही काय करावं? भीती आधी जाऊ दे, मग देवाजवळ जातो, अशी वाट बघू नका. भीती घेऊनच जा. रात्री देवाबद्दल विचार करत पडू नका, त्याच्याशी बोला, 'तू' म्हणून, आवाज काढून, ज्याची भीती वाटते त्याचं नाव घेऊन. देवा, आईच्या शुगरची भीती वाटते, असं. मग उठून त्या भीतीतलं एक काम करा. आईची शुगर तपासून किती दिवस झाले ते बघा. नोकरीची भीती असेल तर बायोडाटा काढून दुरुस्त करा. तेविसावं स्तोत्र पाठ नसेल तर करा, सहाच ओव्या आहेत. अठ्ठ्याऐंशीवंही वाचा. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी पवित्र शास्त्रात त्याला जागा आहे. तुमच्या रात्रींनाही आहे.

एक सांगायला हवं. भाऊ वाईट नाहीत. लॉकडाऊनमध्ये मंडळीतल्या चाळीसेक घरांना त्यांनी स्वतःच्या खर्चाने शिधा पोहोचवला, त्यात ख्रिस्ती नसलेली घरंही होती. आणि मी जे लिहिलं ते माझ्या त्या रात्रीतून आलेलं आहे. मी काही ईश्वरविज्ञान शिकलेली नाही, तुमचे पाळक वेगळं सांगू शकतील. त्यांनाही विचारा.

आणि हे नर्स म्हणून: छाती रोज धडधडत असेल, झोप उडाली असेल, वजन उतरत असेल तर ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. थायरॉइड वाढलं तरी अगदी असंच होतं. रिपोर्ट चांगले आले तरी रात्रीचा त्रास थांबला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर 14416, रात्रीही लागते, मराठीत बोलता येतं. तिथे फोन केला म्हणजे विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं, तर त्याला माझं उत्तर वाचायला द्या.