वाचकांचे प्रश्न : शेताच्या कडेचे हरीण

प्रश्न : रस्ते, शेते आणि वस्त्या यांमुळे जंगलाचे तुकडे झाले, तरी अशा भागांत हरणे दिसतातच. ती माणसाला सरावली आहेत, असे समजावे काय? आणि मधले कुंपण काढले, तर ती पुन्हा मोकळेपणाने फिरू लागतात काय?

उत्तर : आधी एक खुलासा. मराठीत आपण काळविटालाही हरीण म्हणतो. येथे विचार केला आहे तो ज्यांची भरीव शिंगे दरवर्षी गळून नव्याने उगवतात, त्या मृगकुळाचा.

ती सरावली आहेत असे सरसकट म्हणणे घाईचे होईल. दाट झाडीखाली आडोसा असतो, पण ऊन जमिनीपर्यंत पोचत नसल्याने कोवळा चारा बेताचाच. पिकात चारा मुबलक, पण अंग लपवायला जागा नाही. हरीण रवंथ करणारे असल्यामुळे त्याला भराभर पोट भरून सावकाश चघळायला आडोशाला परतता येते, आणि म्हणूनच रानाची कड त्याला सोयीची पडते. तिन्हीसांजेला झुडपांत थबकून, कान निरनिराळ्या दिशांना वळवत, वारा हुंगणारी मादी पाहिली की सराव आणि सावधपणा यांतला फरक लक्षात येतो. जे शेत ती दिवसा टाळते, त्यातच रात्री निवांत चरते. जागा तीच, पण वेळ बदललेली. हे केवळ हरणांपुरते नाही : जगभरातील 62 प्रजातींच्या सस्तन प्राण्यांवरील 76 अभ्यास 2018 मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा माणसाच्या वावरामुळे प्राण्यांचे व्यवहार रात्रीकडे सरकल्याचे दिसून आले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अधिक विलक्षण वाटते. चेकोस्लोव्हाकिया आणि पश्चिम जर्मनी यांच्या सीमेवरील शुमावाच्या जंगलात शीतयुद्धाच्या काळी विजेच्या तारांचे कुंपण होते. 1989 नंतर ते हटवले गेले. तरीही गळ्यात जीपीएस पट्टे बांधून लाल हरणांचा माग काढला, तेव्हा बहुतेक हरणे त्या जुन्या रेषेपाशी येऊन माघारी वळत असल्याचे आढळले. हरणाचे आयुष्य साधारण 15 वर्षांचे. म्हणजे कुंपण प्रत्यक्ष पाहिलेले एकही हरीण तोवर उरलेले नव्हते. पाडस पहिले वर्षभर आईच्या मागे फिरते आणि तिच्याच वाटा शिकते. तार गेली तरी वळण राहिले, ते असे.

रस्त्यांचे नियोजन करताना या स्वभावाचा विचार व्हायला हवा. कॅनडातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गालगत 2.4 मीटर उंच कुंपण घालून प्राण्यांसाठी पूल आणि भुयारी वाटा केल्या, तेव्हा वाहनांशी होणाऱ्या टकरी 80 टक्क्यांहून अधिक घटल्या. मात्र नुसते कुंपण घातले तर वाट तुटते, आणि नुसता पूल बांधला तर हरीण जवळच्या उघड्या रस्त्यावरूनच जाते. म्हणून दोन्हींची जोड लागते, आणि पुलाची जागा अभियंत्याच्या सोयीपेक्षा कळपाच्या जुन्या वाटेवरून ठरवलेली बरी.