जॅक म्हणजे गडी!

प्रश्न आलाय की 'जॅक' हे जॉनचं टोपणनाव कसं काय, ते फ्रेंच 'झाक'वरून आलं असेल ना? नाही हो! झाक हा जेम्स-जेकबच्या घरातला, जॅक जॉनच्या. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी, त्यांचं कागदोपत्री नाव जॉन आणि घरीदारी जॅक, एवढं तरी आठवा. जॉनचं जुनं रूप जॅन, त्याला लाडाचा 'किन' चिकटून जॅनकिन, मग 'न' गळून जॅकिन, मग शेपूट तुटून जॅक. ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीचे ग्रंथपाल निकल्सन यांनी हे १८९२ लाच मांडलंय, तरी लोकांचं आपलं झाक झाक चालूच.

खरी मजा पुढे आहे. जॉन इतके झाले की जॅक म्हणजे कुणीही सोम्यागोम्या, मुंबईत घरगड्याचं नाव काहीही असो त्याला 'रामा' म्हणायचे ना, तसंच. आणि गड्याचं काम वस्तू करायला लागली की तिचंही नाव जॅक! विस्तवापुढे मांसाची सळई फिरवत एक पोरगा बसायचा, त्याच्या जागी चाकांचं यंत्र आलं ते रोस्टिंग जॅक. बूटजॅक म्हणजे खाच पाडलेली फळी, खाचेत टाच अडकवायची नि पाय ओढायचा, बूट निघतो, गडी नको. गाडी उचलणारा जॅक त्याच भाऊबंदांतला, आणि आपण "वरून जॅक लावला" म्हणतो तेव्हा साहेबाच्या ओळखीलाही गडी म्हणूनच राबवतो, हे माझं लाडकं मत आहे, सोडणार नाही. पत्त्यांतल्या जॅकला मराठीत गुलाम म्हणतात ते काय उगीच?

युनियन जॅक हा ब्रिटिश झेंडा जेम्स राजाच्या (फ्रेंचमध्ये झाक) नावावरून, असं ठणकावून सांगणारे विद्वान आहेत. मग बोल्स या हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळातला तो छोटा चेंडू जॅक कसा, त्यालाही राजाने नाव दिलं का? जहाजाच्या नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, छोटा झेंडा तो जॅक, लहान तो जॅक, विषय संपला.

आणि प्लीज, विल्यम जॅक नावाच्या स्कॉटिश वनस्पतीशास्त्रज्ञावरून फणसाला जॅकफ्रूट म्हणतात हा फॉरवर्ड आता बंद करा. मल्याळम 'चक्का', त्याचं पोर्तुगीजांनी केलं 'जाका', त्यावरून इंग्रजांचं जॅक. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताच्या गोव्यात छापलेल्या पुस्तकात १५६३ लाच जाका आहे, आणि हे विल्यमराव जन्मले १७९५ ला!