मुलगा 11 वर्षांचा आहे, दोन वर्षं फुटबॉल शिकतोय पण खेळ सुधारत नाही, पद्धतशीर ट्रेनिंग कसं द्यायचं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की नाशिकला पाथर्डी फाट्याला राहता, पोरगा दोन वर्षं अकॅडमीला जातोय, फी वेळेवर जातेय, पण मॅचमध्ये बॉल आला की घाबरून लांब मारून मोकळा होतो. शिवाय बूट कुठले घ्यायचे तेही विचारलंय, ते शेवटी सांगतो. मी काय मोठा कोच वगैरे नाही, कॉलेजला लेफ्ट बॅक खेळायचो, आता सिडकोत आमच्या कॉलनीतली 14-15 पोरं घेतो, सहा वर्षं झाली. बऱ्याच चुका करून झाल्यात त्यामुळे बोलतोय.

आधी एक काम करा. पुढच्या सेशनला ग्राउंडच्या कडेला बसा, मोबाईल खिशात ठेवा आणि 20 मिनिटांत पोराचा पाय बॉलला किती वेळा लागला तेवढंच मोजा. मी माझ्या भाच्याचं मोजलं होतं (कुठल्या अकॅडमीत ते राहू द्या), आकडा आला 9. बाकीचा वेळ साहेब लाईनीत उभे, पुढच्याचा टी-शर्ट ओढत! वीस पोरं, दोन बॉल, एक गोलपोस्ट, शॉट मारायचा आणि पळत जाऊन परत लाईनीच्या शेवटी. वरून सर ओरडतायत की फर्स्ट टच (आलेला बॉल पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं) सुधारा. अरे टचच नाही तर फर्स्ट काय आणि सेकंड काय.

म्हणून माझ्या मते प्रोग्रॅम म्हणजे लाईन मोडणं, बाकी सगळं त्यानंतर. घरच्या भिंतीवर 10 मिनिटं पास मारला तर दीडदोनशे टच सहज होतात, डावा उजवा दोन्ही पाय, बॉल आला की आधी थांबवायचा, मग दुसऱ्या पायाने परत. आठवड्यातून चार दिवस एवढं केलं तरी महिन्याभरात फरक दिसतो, फक्त खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी सांगून ठेवा.

आता माझी चूक सांगतो. आपल्या नाशिकला पळण्याचं वेड आहे, इथल्याच धावपटू कविता राऊतने 2010 च्या दिल्ली कॉमनवेल्थला 10,000 मीटरमध्ये ब्रॉंझ आणलं तेव्हापासून तर जास्तच, त्यामुळे खेळ कुठलाही असो, पोरांना आधी राऊंड मारायला लावायचे असं डोक्यात बसलेलं. मीही लावायचो, रोज पाच राऊंड, कडक काळ्या मातीवर. एक 12 वर्षांचा पोरगा टाच दुखते म्हणायचा, मी म्हटलं नाटक करतोय, पळ. दोन आठवड्यांनी लंगडायला लागला तेव्हा त्याची आई डॉक्टरांकडे घेऊन गेली. वाढत्या वयात टाचेच्या हाडाचा वाढणारा भाग नाजूक असतो, वर पिंडरीचा स्नायू ओढत असतो, त्यात कडक जमिनीवर उड्या आणि पळणं, म्हणून सूज येते. गुडघ्याच्या वाटीखालीही असंच दुखतं, पोरं झपाझप उंच होतात त्या वर्षात जास्त. विश्रांतीने बरं होतं पण दामटवलं तर महिनोन्महिने रेंगाळतं. तेव्हापासून राऊंड बंद, पळायचं ते बॉल घेऊनच. आणि आठवड्यातून एक दिवस तरी पूर्ण सुट्टी, क्लास नाही, मॅच नाही, काही नाही. मुलाचं जेवढं वय तेवढ्या तासांपेक्षा जास्त ट्रेनिंग आठवड्याला नको असा खेळांच्या डॉक्टरांचा साधा हिशोब आहे, म्हणजे तुमच्याकडे वरची मर्यादा 11 तास, आणि त्यात शाळेची पीटीही धरा.

वॉर्मअपला मी फिफाचा (फुटबॉलची जागतिक संघटना) 11+ किड्स हा लहान मुलांसाठीचा व्यायामांचा संच घेतो. सात व्यायाम आहेत, एका पायावर तोल सांभाळणं, उडी मारून नीट उतरणं, पडायचं कसं ते, 15-20 मिनिटांत होतं, नेटवर सगळं फुकट सापडतं. युरोपातल्या चार देशांत जवळपास 4 हजार मुलांवर करून बघितलं होतं तेव्हा दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. पोरांना पहिले दोन आठवडे बोअर होतं, मग पडायच्या व्यायामातच एवढी मजा येते की थांबवावं लागतं.

माझा 12 आठवड्यांचा प्लॅन असाय. पहिल्या दिवशी तीन गोष्टी वहीत लिहायच्या: एका मिनिटात भिंतीवर किती पास, फक्त डाव्या पायाने किती जगलिंग (बॉल खाली न पडू देता हवेत उडवत ठेवणं), ओळीत ठेवलेल्या सहा कोनमधून (प्लास्टिकचे शंकू) बॉल नेऊन परत यायला किती सेकंद. पहिले चार आठवडे नुसता टच आणि ड्रिबलिंग (बॉल पायाशी ठेवून पळणं). मग चार आठवडे एकास एक, कारण तुमच्या पोराची भीती तिथंच मोडणार, समोर माणूस असताना बॉल पायात ठेवायची सवय नाही म्हणून तो लांब मारतो. शेवटचे चार पासिंग आणि मान वर करून बघणं, मी मागे उभा राहून बोटं दाखवतो आणि पास यायच्या आधी त्याने मागे वळून किती बोटं ते सांगायचं. वही दर चार आठवड्यांनी उघडायची, रोज नाही, नाहीतर पोरगा आकड्यांसाठी खेळायला लागतो.

पण प्रत्येक सेशनचा अर्धा वेळ चारास चारची मॅच, गोलकीपर नाही, चपलांचे छोटे गोल. हे सोडू नका. बेल्जियमने 2000 नंतर लहान मुलांचं फुटबॉल असंच बदललं, अगदी छोट्यांना दोनास दोन, मग पाचास पाच, आठास आठ, आणि छोट्या वयात पॉइंट टेबलच ठेवला नाही. 2018 च्या वर्ल्डकपला तिसरे आले. आपल्याकडे मात्र 10 वर्षांच्या पोरांना अकरास अकरा मोठ्या ग्राउंडवर उतरवतात आणि पालक बाहेरून "मार रे मार" ओरडतात (त्यात तुम्ही असाल तर आधी ते बंद करा, राग मानू नका).

पावसाळ्यात चिखलामुळे काही होत नाही, तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये फुटसालचा (हॉलमध्ये खेळायचं छोटं फुटबॉल) बॉल वापरा, तो कमी उसळतो त्यामुळे गाड्यांच्या काचा वाचतात आणि टच आपोआप सुधारतो. एरवी 12 पर्यंत 4 नंबरचाच बॉल, मोठ्या भावाचा 5 नंबर देऊ नका. हेडिंगची (डोक्याने बॉल मारणं) घाई नको, अमेरिकेत तर 10 वर्षांपर्यंतच्या पोरांना ते बंदच आहे.

बूट. आपली ग्राउंड उन्हाळ्यात सिमेंटसारखी होतात, तिथे लांब स्टडचे (तळाला टोकं असलेले) बूट घातले की सगळा भार टाचेवर आणि गुडघ्यावर येतो. त्यापेक्षा टर्फ शूज घ्या, खाली छोटे छोटे रबरी दाणे असतात ते, मुरूमावर चालतात आणि पार्किंगमध्येही. आणि पाय वाढतोय म्हणून दोन नंबर मोठे घेऊन पुढे कापूस कोंबायचा हा जो आपल्या घरोघरी जुगाड आहे तो इथे करू नका, मोठ्या बुटात बॉल कुठे लागतोय तेच पोराला कळत नाही. संध्याकाळी दुकानात घेऊन जा, जाड मोजे घालून, अंगठ्यापुढे अर्धं बोट जागा राहिली की बास.