वाचकांचे प्रश्न : नौकेचे कवच आणि भोवतालचे पाणी

प्रश्न : मी जहाजबांधणीच्या आरेखन विभागात काम करतो. पोलादी नौकेच्या कवचाची कंपने काढण्यासाठी आम्ही फायनाइट एलिमेंट पद्धत (वस्तूचे लहान तुकडे पाडून त्यांचा हिशेब जुळवणारी) वापरतो. परंतु त्यासाठी पाण्याचेही मेश (तुकड्यांचे जाळे) करावे लागते, आणि जिथे ते संपवतो तिथून ध्वनिलहरी परत फिरतात. पाण्यापुरती बाउंडरी एलिमेंट पद्धत (केवळ पृष्ठभागाचे तुकडे पाडणारी) घेऊन दोहोंची सांगड घालावी, असे सुचवण्यात आले आहे. तसे करताना कशाला जपावे लागते?
— एक वाचक, वास्को

उत्तर : सूचना योग्य आहे. झिएन्कीविच, केली आणि बेटेस यांनी १९७७ मध्येच अशा सांगडीची मांडणी केली होती. कवचात पत्र्यांची जाडी, फ्रेम आणि स्टिफनर (पत्र्याला ताठपणा देणाऱ्या पट्ट्या) जागोजागी बदलतात, म्हणून तिथे फायनाइट एलिमेंटला पर्याय नाही. पाणी मात्र एकजिनसी असल्यामुळे केवळ भिजणाऱ्या पृष्ठभागाचे मेश पुरते, आणि दूर गेलेली लहर परतू नये ही अट बाउंडरी एलिमेंटच्या मूलभूत उत्तरातच (एका बिंदू-स्रोतातून निघणाऱ्या लहरीच्या सूत्रातच) अंतर्भूत असते. पाण्याच्या मोकळ्या पृष्ठभागावर दाब शून्य धरून उलट चिन्हाचा प्रतिबिंब-स्रोत घेतला, की त्याचेही मेश टळते. मुरगाव बंदरात उभ्या नौकेखाली मात्र तळ फार खोल नसतो. तो हिशेबात धरावा.

खरी कसोटी सांध्यावर लागते. फायनाइट एलिमेंटला नोडवरचे (तुकडे जुळतात त्या बिंदूंवरचे) बल हवे असते, तर बाउंडरी एलिमेंट दाब देते. त्या दाबाचे आकार-फलनांसह (नोडमधल्या जागेत किंमत कशी बदलते ते सांगणाऱ्या फलनांसह) पृष्ठभागावर संकलन केल्याशिवाय त्याचे बल होत नाही. उलट दिशेने, कवचाच्या लंबदिश विस्थापनाला पाण्याची घनता आणि कोनीय वारंवारतेचा वर्ग यांनी गुणले, की दाबाचा लंब दिशेतील उतार मिळतो. लंब कवचातून बाहेर धरला की पाण्यातून, हे दोन्ही प्रोग्रॅममध्ये निरनिराळे असू शकते, आणि चिन्ह चुकले तरी सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारा प्रोग्रॅम) तक्रार न करता उत्तर देतो. म्हणून पहिल्या काही नैसर्गिक वारंवारता आधी कोरड्या कवचाच्या काढाव्यात आणि मग पाण्यातल्या. पाण्यातल्या वाढलेल्या दिसल्या, तर प्रथम लंबाची दिशा तपासावी. त्याहीआधी पातळ गोलाकार कवचावर चाचणी घेतलेली बरी, कारण त्याचे गणिती उत्तर उपलब्ध आहे.

किंमत मोजावी लागते ती संगणकाच्या स्मृतीत. फायनाइट एलिमेंटचा मॅट्रिक्स विरळ (बहुतेक जागी शून्य) असतो, बाउंडरी एलिमेंटचा पूर्ण भरलेला आणि बहुधा असममित. भिजलेल्या पृष्ठभागावर १०,००० नोड असतील, तर १० कोटी संमिश्र संख्या, म्हणजे दुहेरी अचूकतेत सुमारे १.६ गिगाबाइट, असे मॅट्रिक्स दोन, आणि प्रत्येक वारंवारतेला नव्याने. शिवाय काही वारंवारतांवर बाह्य प्रश्नाचे (कवचाबाहेरच्या पाण्याचे) समीकरण एकमेव उत्तर देत नाही. त्यावर बर्टन आणि मिलर यांनी १९७१ मध्ये दिलेला उपाय आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे की नाही, हे विचारून घ्यावे.

मात्र आपल्याला पाण्यातला आवाज नको असून केवळ खालच्या काही वारंवारता हव्या असतील, तर एवढा खटाटोप आमच्या मते अनाठायी आहे. लहरीची लांबी नौकेच्या मानाने बरीच मोठी असेपर्यंत पाणी असंपीड्य (दाबले न जाणारे) धरता येते. मग बाउंडरी एलिमेंटचा मॅट्रिक्स वारंवारतेवर अवलंबून राहत नाही, आणि पाण्यामुळे कवचाला जोडले जाणारे वस्तुमान एकदाच काढून नेहमीच्या फायनाइट एलिमेंट प्रोग्रॅममध्ये मिळवता येते.