ठाण्यात लहान फ्लॅट आहे. जॅम, कॉफीच्या छोट्या काचेच्या बरण्या साठल्यात, त्यांचं काय करता येईल?

पावसाळ्यात सादळणाऱ्या वस्तू थोड्या थोड्या काढून ठेवायला वापरा, त्यासारखा उपयोग नाही: हिंग, जायफळपूड, मेतकूट, कॉफी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की मोठा डबा सारखा उघडला की आतलं सगळंच ओलसर होतं. छोट्या बरणीतलं सादळायच्या आत संपतं. शिवाय काच वास धरत नाही. हिंगाच्या प्लास्टिक डबीत मात्र पुन्हा दुसरं काही ठेवता येत नाही.

आणखी काही:
- फुलवाती: कोमट पातळ तुपात बुडवून बरणीत उभ्या लावा. तूप थिजलं की एकेक वात चमच्याने अलगद निघते. सणासुदीला फार सोय होते.
- बटणं, सेफ्टी पिना, सुया. बाहेरूनच दिसतात.
- मनीप्लांटची फांदी पाण्यात. इथे आळस नको: डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात आणि ती काचेला चिकटून राहतात. आठवड्यातून एकदा पाणी ओतून बरणी आतून घासा.

फक्त लोणचं या पत्र्याच्या झाकणाच्या बरण्यांत नको. मीठ आणि आंबटपणामुळे झाकण गंजतं. आणि उकळतं काही थेट ओतू नका, साधी काच तडकते.