‘स्नोपिअर्सर’च्या शेवटी गाडीच घसरते आणि जवळजवळ सगळे मरतात. मग त्या गरिबांच्या बंडाचा उपयोग काय झाला?

शेवट सांगितल्याशिवाय याचं उत्तर देता येणार नाही. तेव्हा ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी इथेच उतरून घ्या.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही तुमच्यासारखीच वैतागले होते. दोन तास शेवटच्या डब्यातल्या लोकांबरोबर मार खात, कुऱ्हाडी चुकवत इंजिनापर्यंत पोचायचं आणि मग गाडीच रुळावरून खाली! दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं, की मी सगळा वेळ भलत्याच माणसाकडे बघत होते.

विसरला असाल तर थोडक्यात गोष्ट अशी. बोंग जून-होचा हा २०१३चा सिनेमा. तापमानवाढ थांबवायला माणसांनी हवेत रसायन फवारलं आणि पृथ्वीच गोठली. जी वाचली ती सगळी एका गाडीत. ही गाडी कुठेच थांबत नाही, वर्षाला जगाची एक फेरी मारते. पुढे सुशी आणि सौनाचे डबे, मागे बिनतिकीट घुसलेल्यांचा कोंडवाडा, आणि असं सतरा वर्षं चाललंय.

मला लोकल आठवल्याशिवाय राहिली नाही. लेडीज फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लासच्या मधे जाळी असते, तिच्यातून दोन्हीकडच्या बायका एकमेकींना बघत असतात. पण दादर आलं की दोघी उतरतात. इथे स्टेशनच नाही, त्यामुळे तुम्ही ज्या डब्यात चढलात तीच तुमची जात.

गाडीच्या मालकाच्या वतीने मागच्यांवर हुकूम चालवणाऱ्या मेसनबाईंचं भाषण आठवतंय? मागच्यांपैकी एकाने पुढच्या बाईवर बूट फेकून मारलेला असतो. त्याचा हात भोकातून गाडीबाहेर काढून सात मिनिटं गोठवतात आणि तोवर मेसनबाई त्याच्या डोक्यावर तोच बूट ठेवून समजावतात, की टोपीची जागा डोक्यावर, बुटाची पायात, आणि तुम्ही बूट आहात. पायातली वहाण पायातच बरी, हे आपल्याकडे काय कमी वेळा ऐकवलं गेलंय? मराठी माणसाला त्या प्रसंगाला सबटायटल लागत नाही. मग तो गोठलेला हात हातोड्याने फोडतात.

आता तुमचा प्रश्न. कर्टिस हा आपला नायक, मागच्यांच्या बंडाचा पुढारी, आणि त्याचं सगळं लक्ष पुढे. इंजिन ताब्यात घेतलं की झालं, एवढंच त्याचं राजकारण. आणि इंजिनात बसलेला गाडीचा मालक विल्फर्ड त्याला शांतपणे सांगतो, की हे बंड आमच्याच हिशोबातलं होतं. हवा, पाणी, अन्न मोजकं आहे, माणसं वाढली की कमी करावी लागतात. मधल्या मारामारीत मेसनबाई सांगतात ना, तुमच्यातले नेमके ७४ टक्के मरणार? तेव्हा ती नुसती धमकी वाटते, पण तो चक्क ताळेबंद असतो. मागच्या डब्यातला म्हातारा गिलियम, ज्याला कर्टिस बाप मानतो, तोसुद्धा फोनवर विल्फर्डशी बोलणारा निघतो. म्हणजे गाडी चालू ठेवण्यासाठी जसा कोळसा, तसं अधूनमधून बंड.

वर विल्फर्ड त्याला स्वतःची खुर्ची देऊ करतो. आणि खरं सांगते, कर्टिस बसलाही असता. फरशीखाली मागच्या डब्यातला छोटा टिमी दिसतो म्हणून तो सावरतो. इंजिनाचा एक भाग झिजला, नवा मिळत नाही, तर त्या जागी लहान मूल बसवलंय, कारण तिथे मोठं माणूस मावत नाही. कर्टिस फिरत्या चक्रांत स्वतःचा हात घालून त्याला बाहेर काढतो. हे झोंबतं, कारण थोड्या वेळापूर्वीच त्याने कबूल केलेलं असतं, की सुरुवातीच्या उपासमारीत तो माणसं खात होता आणि गिलियमने एका तान्ह्याला वाचवायला स्वतःचा हात कापून दिला होता. नंतर इतरांनीही दिले, कर्टिसला मात्र जमलं नव्हतं.

याच्याशेजारी १९२७चा ‘मेट्रोपोलिस’ ठेवून बघा. तिथे जमिनीखालचे कामगार यंत्रं फोडतात आणि शेवटी मालकाचा मुलगा मुकादमाचा हात बापाच्या हातात देतो. मिटलं भांडण! दिग्दर्शक फ्रिट्झ लांगलाही तो शेवट पुढे पटेनासा झाला होता. ‘एलिझियम’ या सिनेमात तर एक कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की सगळे गरीब नागरिक होतात. हे शेवट गोड आहेत, पण त्यात यंत्र तसंच राहतं.

मी ज्याच्याकडे बघायला हवं होतं तो माणूस म्हणजे नाम, नशेसाठी दारं उघडून देणारा कोरियन कुलूपवाला. कर्टिसला पुढचं दार हवं असतं, नामला बाजूचं, बाहेर उघडणारं. त्याने वेडेपणाने ते ठरवलेलं नाही. दर नव्या वर्षाला गाडी यकातेरिना पुलावरून जाते आणि तिथे बर्फात पडलेलं एक विमान दिसतं. दहा वर्षांपूर्वी नुसतं शेपूट वर होतं, आता धड आणि पंख दिसतात. बर्फ वितळतंय. एवढ्या मोठ्या गाडीत खिडकीबाहेर नीट बघणारा हा एकटाच.

आणि तो नशेची ढेकळं जमवतो ती ओढायला नाही, ती पेटतात म्हणून. त्यांच्याच स्फोटाने दार उडतं, आणि त्यातच गाडी घसरते.

म्हणून ‘बंडाचा उपयोग काय’ म्हणाल, तर कर्टिसच्या बंडाचा काही नाही, ते विल्फर्डच्या वहीत आधीच लिहिलेलं होतं. नामचं त्या वहीत नव्हतं. त्याची किंमत भयंकर आहे, पुढचे मागचे जवळजवळ सगळे त्यात गेले, आणि ते मला आजही पूर्ण पचलेलं नाही. पण पुन्हा बघाल तेव्हा नशेबाजांच्या डब्यातला एक क्षण चुकवू नका. सगळ्यांची घाई चाललेली असताना नाम तिथे पडलेल्यांच्या अंगावरचे फरचे कोट ओढून घेतो. मला वाटलं होतं, चोर आहे, सवय जात नाही. शेवटी त्याची मुलगी योना आणि टिमी त्या मोडलेल्या गाडीतून बर्फात पाय टाकतात, तेव्हा दोघांच्या अंगावर फरचे कोट असतात.